रिकामी नळी

नागावच्या सुपारीच्या वाडीत आमच्या सरांचा सत्कार चालला होता. झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांत त्यांना अणूंची नवी मांडणी सापडली म्हणे! पुरावा काय, तर क्ष-किरणांच्या आलेखातला एक फुगवटा. काल मी त्या कणांची पावडर न भरता नुसती काचेची नळी यंत्रात लावली, तर तोच फुगवटा. म्हणजे तो काचेचाच. हे मी सरांच्या कानात सांगितलं.

शाल सावरत, फोटोवाल्याकडे बघून हसत ते पुटपुटले, "गौरी, रिकामी नळी मोजायला तुला सांगितलं कोणी?"

मला त्या हसण्याची शिसारी आली.

"तुम्हीच, सर. पहिल्याच दिवशी. म्हणालात, रिकामी नळी न मोजता जो शोध लावतो, तो भामटा."