आधी कोण येणार

दामिनीचं डोकं सकाळपासून तापलं होतं. भंडाऱ्याच्या विणकर सोसायटीची कोसा रेशमाच्या साड्या विकायची वेबसाइट तिनं हौसेनं अंगावर घेतली होती. चार वाजता घरच्याच बैठकीत सभासदांना ती दाखवायची, आणि सर्व्हर काही केल्या उठेना. दर वेळी लाल अक्षरात तेच रडगाणं: जोडायला दिलंत ते मॉडेलच नाही. मग काय माझं कपाळ आहे का, असं तिनं लॅपटॉपला विचारूनही झालं होतं.

डेटाबेससाठी तिनं दोन मॉडेलं, म्हणजे माहितीचे साचे, लिहिली होती, एक विणकराचं, एक साडीचं, दोन वेगळ्या फायलींत. फायलींचे पत्ते तपासले, लायब्ररी उपटून पुन्हा बसवली, नेटवरच्या शहाण्यांचं सगळं ऐकून झालं. ढिम्म फरक नाही.

मागच्या खोलीत आईचा, कौशल्याबाईचा, माग खटखटत होता. घरातल्या बहुतेक साड्या तिच्याच हातच्या, पण साडीला लावलेल्या चिठ्ठीवर नाव बाबांचं. दामिनीला वेबसाइटवर आईचं नाव हवं होतं. एवढ्यासाठीच तर सगळा आटापिटा. पण बाबा, म्हणजे सोसायटीचे सचिव मधुकरराव, सकाळीच नियम ऐकवून मोकळे झाले होते. साडीवर नाव सभासदाचंच, आणि सभासद तोच ज्याच्या नावावर साडी जमा झाली. बापामागून पोरगा मात्र आपोआप सभासद. दामिनीला जेवणही गोड लागलं नाही.

शेवटी वैतागून तिनं दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. विणकराची फाइल पहिल्याच ओळीत साडीला बोलावत होती, आणि साडीची विणकराला. दोघी एकमेकींची वाट बघत बसलेल्या, म्हणून एकीच्याही हाती काहीच लागत नव्हतं. हा तर बाबांचाच नियम. लहानपणापासून ऐकून ऐकून तिनं तो जसाच्या तसा कोडात उतरवला होता. तिला स्वतःचाच संताप आला. दोन्ही ओळी काढून तिनं तिसरी फाइल केली: आधी दोन्ही मॉडेलं येतील, मग त्यांचं नातं जुळेल. सर्व्हर मुकाट्यानं उठला.

चार वाजता भिंतीवर वेबसाइटवरची साडी झळकली, खाली विणकर म्हणून कौशल्याबाईचं नाव. सगळ्यांत जुने सभासद सोमाजी म्हणाले, काम झकास आहे, फक्त नाव तेवढं बदला.

"ती सभासद नाही," मधुकररावांनी समजावलं.

"काहून नाही?" दामिनीनं विचारलं.

"तिच्या नावावर साडी नाही."

"बाबा, सकाळपासून मी याच्यातच डोकं फोडून राहिली. दोघं एकमेकासाठी थांबले तर कोणीच येत नाही. आधी येऊ द्या, नातं मंग जोडा."

पुढच्या सभेत पाहू, असं सोमाजी पुटपुटले. लॅपटॉप उचलून आपटावा, असं दामिनीला वाटलं.

तेवढ्यात कौशल्याबाई चहा घेऊन दाराशी आली. सभा असली की ती उंबरठा ओलांडत नसे, मधुकरराव उठून ट्रे घेत. आजही ते उठले. तिनं ट्रे त्यांच्या हाती दिला आणि आत येऊन सतरंजीवर सोमाजींसमोर बसली.

"मी आली," ती म्हणाली. "आता जोडा."