दुहेरी जाळी

धाकटीचे आणि दादाचे खटके रोजचेच, पण यंदा थेट पैज लागली होती. वडिलांच्या माघारी नर्सरी दादाच्या हातात होती आणि दादाचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "ड्रॅगन फ्रूट म्हणजे निवडुंग. निवडुंगाला कसली सावली?" गेल्या वर्षी त्याने कोवळ्या कांड्या रणरणत्या उन्हात लावल्या, वर ताजं शेण थापलं. निम्म्या पिवळ्या पडल्या, उरलेल्या बुडातून सडल्या. खापर मात्र पाण्यावर फोडलं.

"तीन महिने एक वाफा मला दे," धाकटी म्हणाली. "वर सावली, खाली जुनं कुजलेलं शेणखत. नाही जमलं तर वाफ्यात पाय ठेवणार नाही, दुकानात गिऱ्हाइकं बघेन."

"बस मग कायमची," दादा हसला आणि शेजारचा वाफा त्याने आपल्याच पद्धतीने लावला.

तो हसला म्हणून हिने हिरवी जाळी चांगली दुहेरी बांधली. रागाच्या भरात माणूस असंच करतं. मग जाळी पुरेना, म्हणून टोकाच्या दोन ओळींवर ती एकेरीच राहिली.

तीन महिन्यांनी दोघं वाफ्यांपाशी आले. दादाची रोपं करपलेली. पण धाकटीची? दुहेरी जाळीखालची उजेडासाठी ताणून ताणून सुतळीसारखी झालेली, फिकी, माना टाकलेली. टोकाच्या दोन ओळी तेवढ्या हिरव्यागार, जाडजूड, फुटव्यांनी भरलेल्या.

"ही नशिबाने आली," दादा खूश. "हरलीस. जा दुकानात."

तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

"जाळी जास्त झाली, माझं चुकलं. पण या ओळींत नशीब नाही. अर्धी सावली आहे, मुरलेलं खत आहे. तुझ्याकडे दोन्ही नाही. मी कुठेही जाणार नाही."

"पैज होती!"

"होती. मोडली मी. काय करशील?"

तिने कात्रीने दुहेरीतली वरची जाळी सोडवली आणि सरळ दादाच्या वाफ्यावर ओढली. वाऱ्यात ती एकटीला आवरेना. दादा हाताची घडी घालून बघत राहिला.

"बघतोस काय? धर!"

तोंडातल्या तोंडात पुटपुटत दादाने टोक धरलं.

"ओढ नीट," ती म्हणाली. "आणि बांधून झाली की ते न कुजलेलं शेण आधी बाहेर काढ."