पांढऱ्या फुलांची पूड

हे फूल एकदम उमलत नाही. पांढऱ्या पाकळ्या आधी पसरतात, पण मधली पिवळी चकती कडेकडून आत, एकेका कड्यानं उघडत जाते. बाहेरची कडी उघडलेली आणि मधला ठिपका अजून मिटलेला असला, की फूल खुडायचं. किड्यांना लोळवणारं सत्त्व तेव्हाच सर्वांत जास्त असतं. उशीर झाला तर फूल दिसतं सुरेख, पूड मात्र कुचकामी.

ही पारख ताईला आईकडून मिळाली होती. घरामागचे वाफे, वाळवणाच्या जाळ्या, दळायचं यंत्र आणि धाकटी बहीण, सगळंच आई तिच्या पदरात टाकून गेली. बहीण तेव्हा भिंत धरून चालत होती. आता तिनं तिशी ओलांडली, तरी ताईसाठी ती चिमणीच.

ताई फुलं खुडायची, चिमणी दळायची. याच झाडाच्या पाल्याचा काढा डोकेदुखीवर, कणकणीवर घ्यायचा, ही घरातली रीत. म्हणून चिमणीच्या पापण्या सुजल्या, छातीत शिट्टी वाजू लागली, तेव्हा ताईनं तिला काढा पाजला. धाप वाढली, तसा काढा आणखी दाट केला. चिमणी तोंड वेडंवाकडं करून म्हणायची, "डास संपले वाटतं, ताई. आता माझा नंबर?" आणि दोघी हसायच्या.

डॉक्टर हसले नाहीत. "हिला या झाडाचंच वावडं आहे. पूड, पाला, सगळ्याचं. या घरात राहिली, तर एखादे दिवशी श्वास परत यायचा नाही."

ताईनं काढा बंद केला, दळण स्वतःकडे घेतलं. भिंती धुतल्या, गाद्या बदलल्या. पण पूड छताच्या फळ्यांत होती, दारांच्या फटींत होती, तिच्या स्वतःच्या केसांत होती. समुद्राकाठची मावशी "पाठव गं तिला माझ्याकडे" म्हणून थकली. ताई म्हणायची, "एवढी फुलं उरकू देत." फुलं उरकली, की वाळवण निघायचं, वाळवण संपलं, की दळण. खरं कारण ती कुणाला सांगत नव्हती. जेवायला बसल्यावर समोर कुणीतरी हवं, एवढंच ते होतं.

आज पुडीचे डबे न्यायला गाडीवाला आला.

"ताई, तुमचा माल भरला की आठवडाभर गाडीच्या मागच्या हौद्यात माशी फिरकत नाही," तो डबे उचलत म्हणाला. "बायको म्हणते, थोडी घरी आणा, सासूबाई येणार आहेत."

पुढच्या खोलीतून चिमणीचं हसू ऐकू आलं. हसता हसता ते खोकल्यात अडकलं. खोकला थांबेना. ताई धावली. चिमणी खाटेच्या कडेला दोन्ही हातांनी गच्च धरून बसली होती, खांदे वर खेचत, ओठ निळसर. डॉक्टरांनी दिलेला फवारा ताईनं तिच्या तोंडाशी धरला आणि पाठीवरून हात फिरवायला पुढे केला. बोटांच्या रेषांत पिवळी पूड होती. तो हात तिनं तसाच मागे घेतला.

बऱ्याच वेळानं शिट्टी मंदावली.

उंबऱ्याशी एक भुंगेरा उताणा पडून पाय झाडत होता. ताईनं त्याला कुंच्यानं अंगणात लोटलं. आई सांगायची, पूड थोडीच लागली असेल आणि किडा वेळेत मोकळ्या हवेत गेला, तर तो पुन्हा उठतो. भुंगेरा उठला, की नाही, हे ताईनं पाहिलं नाही.

"दादा, डबे आज राहू देत, काचा उघड्या ठेवा. पुढची सीट रिकामी आहे?"

"तुमच्यासाठी कायम!"

"माझ्यासाठी नको. हिला मावशीकडे सोडायचंय."

चिमणीनं मान वर केली. "चार दिवस जाऊन येते. फुलं भरात आहेत, तुला एकटीला झेपायचं नाही."

"झेपेल."

"मग तूही चल."

"मला दुसरं काय येतं गं?" ताईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "भेटायला मी येईन. न्हाऊन, तिथलेच कपडे घालून तुझ्यासमोर बसेन. पण तू या घरात परत यायचं नाहीस, चिमणे. कधीच नाही."