शिवलेले खिसे आणि अडकलेली तारीख

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. विमानतळावर, सामान जमा करण्याच्या रांगांच्या अलीकडे एक काचेची खिडकी आहे. तिथल्या टेबलाच्या खणात माझा मुक्काम असतो.

एका बुटक्या कारागिराने मला घडवलं. लाकडी मूठ, खाली रबरी अक्षरं आणि मध्ये तारखेची चाकं. मूठ हातात नीट बसते की नाही, हे त्याने डोळे मिटून पाहिलं होतं. असे लाड पुन्हा फारसे नशिबात आले नाहीत.

माझं काम सोपं होतं, पण जबाबदारीचं. परदेशी पाहुणे खरेदी करतात तेव्हा किमतीबरोबर विक्रीकरही भरतात. वस्तू न वापरता देशाबाहेर नेली, तर तो कर त्यांना परत मिळतो. मात्र सामान जमा करण्याआधी ती वस्तू खिडकीवर दाखवायची आणि फॉर्मवर त्याच दिवसाच्या तारखेचा माझा ठसा घ्यायचा. ठसा नसेल तर परताव्यावर पाणी सोडायचं. माझ्या भरभराटीच्या दिवसांत मला श्वास घ्यायला फुरसत नसे. खिडकीवर बसणारे कस्टमचे साहेब म्हणायचे, "हा आहे म्हणून माझं चालतंय."

मग फॉर्मवरच्या बारकोडच्या रेघा वाचणारं यंत्र आलं. मी खणात गेलो, टाचण्या आणि मोडक्या पेन्सिलींच्या शेजारी. तीन वर्षं कुणी माझी तारीख फिरवली नाही. मी रुसलो होतो, हे कबूल करतो.

एका सकाळी ते यंत्र बंद पडलं. साहेबांनी मला बाहेर काढून शाई लावली आणि रद्दी कागदावर दाबलं. ठसा उमटला, पण तारीख तीन वर्षांपूर्वीची! त्यांनी अंगठ्याने चाकं ढकलून पाहिली. ती जागची हलेनात. एवढ्यात खिडकीशी दोन बाया धापा टाकत आल्या.

पुढची शिवणकाम करणारी होती. मागची तिची थोरली नणंद, दोन्ही हातांत बॅगा. इथे राहणाऱ्या नणंदेच्या मुलीचं बाळंतपण उरकून दोघी मायदेशी, आपल्या घरी निघाल्या होत्या.

"आटप गं वहिनी, विमानाचं दार आपल्यासाठी उघडं ठेवणार नाहीत!"

शिवणाऱ्या बाईने कोट पुढे केला. नवऱ्यासाठी घेतलेला, चांगला जाड. साहेबांनी तो उलटापालटा केला आणि खालच्या दुमडीपाशी थांबले.

"हे टाके कंपनीचे नाहीत. कोट वापरलेला दिसतोय."

"वापरलेला नाही हो, साहेब. दुमड उसवून पुन्हा घातली, इतकंच. फार गबाळी शिवली होती, मला बघवेना."

नणंदेने कपाळावर हात मारला. "बाळाची दुपटी शिवलीस, घरचे पडदे शिवलेस, तेवढ्याने हाताची खाज भागली नाही? नवा कोट उसवलास!"

"चूक झाली, वन्सं."

साहेबांनी फॉर्म परत सरकवला. "वापरलेल्या वस्तूवर परतावा मिळत नाही."

बाईचा चेहरा पडला. "साहेब, त्या पैशांत माझ्या पायमशीनला मोटर बसणार आहे. गुडघे पार कामातून गेलेत. मोटर नसेल तर मला दुकान बंद करावं लागेल."

"कळतंय मला. पण नियम मी केलेला नाही."

मी टेबलावर पडून ऐकत होतो. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या विमानाचं सामान जमा करण्याची शेवटची सूचना झाली. बाई मात्र हलली नाही. तिने कोट ओढून घेतला आणि खिशाची पट्टी वर केली.

"ह्यात हात घाला."

साहेबांनी हात घातला. तो आत जाईना.

"नव्या कोटाचे खिसे टाका मारून बंद ठेवतात, झोळ पडू नये म्हणून. पहिल्यांदा घालणारा माणूस तो टाका उसवतो. थंडीचा कोट अंगात घालून खिशात हात न घालणारा माणूस पाहिलाय तुम्ही?"

साहेबांनी दुसरा खिसा पाहिला, कॉलर पाहिली, काखेतलं अस्तर पाहिलं. मग फॉर्म पुन्हा जवळ ओढला. "घातलेला नाही. हे मला मान्य."

आता सगळं माझ्यावर आलं, आणि मी अडकून बसलेलो! साहेब हताश झाले. "जुनी तारीख पडली तर फॉर्म परत येईल."

"इकडे आणा." बाईने बांगडीतली सेफ्टी पिन काढली. "शिलाई मशीनच्या बॉबिनच्या डबीतही असाच कचरा साचतो." पिनेच्या टोकाने तिने माझ्या चाकांमधली वाळलेली शाई आणि धूळ खरवडली. नणंद दर क्षणाला घड्याळ बघत होती. दिवस हलला, महिना हलला. वर्षाचं चाक शेवटपर्यंत हटून बसलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, आणि तेही फिरलं.

साहेबांनी मला दाबलं. ठसा लख्ख उमटला. बाईने फॉर्म शेजारच्या परताव्याच्या पेटीत टाकला आणि दोघी पळत सुटल्या. ती बाई लंगडत होती. बऱ्याच वेळाने साहेबांनी फोन उचलला. "त्या दोघी चढल्या का?" पलीकडचं ऐकून ते हसले.

पिन इथेच राहिली. यंत्र दुसऱ्याच दिवशी सुरू झालं, तरी साहेब रोज सकाळी त्या पिनेने माझी चाकं साफ करतात आणि तारीख फिरवतात.

मित्रांनो, जुनी वस्तू खणात ठेवलीत तरी माझी तक्रार नाही. पण तिला विसरू नका, अधूनमधून पुसा, फिरवून पाहा. कुणाचे तरी दुखरे गुडघे एखाद्या सकाळी तिच्याच भरवशावर तुमच्या खिडकीशी येतील.