दाजींचे झेल

माझ्याकडे एक खोटं सफरचंद आहे. पांढरं, प्लास्टिकचं, पोटात धक्के मोजणारं यंत्र. खऱ्या सफरचंदांबरोबर पट्ट्यावर सोडलं की कुठे किती आपटलं ते आकड्यांत सांगतं. आकडा ऐंशीच्या वर गेला की सालीखालचा गर दोन दिवसांत तपकिरी पडतो. माणसांना लावायची सोय अजून नाही.

पॅकिंगच्या शेडचे सुपरवायझर म्हणजे माझे दाजी. ताईचे यजमान, त्यामुळे वैर घरचंच. मार लागलेली फळं परत येत होती आणि दाजींनी खापर फोडलं होतं खोकी भरणाऱ्या माझ्या आत्यावर. "हात थरथरतात त्यांचे." माझा संशय होता दाजींनी स्वतः बनवून घेतलेल्या पत्र्याच्या घसरगुंडीवर. धुतलेली फळं तिथून दोन फूट खाली आदळत. तपासायला मला शेडच्या मालकांनी बोलावलं होतं; चार वाजता ते येऊन आकडे बघणार आणि आत्याला ठेवायचं की काढायचं ते ठरवणार.

सफरचंद सोडलं. घसरगुंडीखाली दाजींनी ते दोन्ही हातांत अलगद झेललं, फुंकर मारली, पट्ट्यावर ठेवलं.

"दाजी, पडू द्या."

"सासरची वस्तू. फुटली तर तुमची ताई मला घरात घेईल?"

घसरगुंडी: चार. आत्याचं टेबल: बावीस.

"बघा, पाचपट," दाजी म्हणाले. दुसऱ्यांदा तेच केलं. तिसऱ्यांदा तर रुमाल घेऊन उभे.

आत्या खोकं भरता भरता म्हणाली, "जावईबापू, स्वतःचं पोर तरी कधी असं धरलंत का?"

"उद्यापासून घरी बसून विचारा."

साडेतीनला मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "अशी आणखी बारा सोडलीत. हुबेहूब रंगवून. मलाही ओळखू येत नाहीत."

"थापा मारू नका."

"चारला आकडे दिसतीलच."

घसरगुंडीवरून एक सफरचंद आलं. दाजींनी माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं आणि ते झेललं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. दर दोन सेकंदांना एक येत होतं.

मालक आले तेव्हा दाजींचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"हे काय चाललंय?"

"खाली आपटतात ना सगळी," दाजी झेलता झेलता बोलून गेले.

मालकांनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. पुढचं सफरचंद धप्पकन आदळलं. मालकांनी ते उचलून अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला.

"आत्या, तुमचं चालू द्या. आणि तुम्ही," मालक दाजींना म्हणाले, "पत्र्याला रबर बसेपर्यंत इथेच. हात चांगला बसलाय."

रबर तीन आठवड्यांनी येणार आहे.

रविवारी ताईकडे गेलो. पाणी दाजींनीच आणलं.

"ती बारा कुठली होती?"

"अजून पट्ट्यावरच असतील."

त्यांनी पेला माझ्यापुढे आदळला. साधारण नव्वद.