डाव्या बाजूचा आवाज

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला फक्त चित्रात पाहिलं असेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्या पाठीवर गोल तबकडी फिरते. तिच्यावर माझा हात टेकतो. हाताच्या टोकाला सुई असते, ती तबकडीच्या खाचेतून जाते आणि शेजारच्या दोन स्पीकरांतून गाणं बाहेर पडतं. गाणं माझ्यातून जातं, माझ्यात थांबत नाही. त्यामुळे मित्रांनो, मी फार हळवा असेन असं समजू नका. लोक माझ्यासमोर रडले आहेत, हसले आहेत, एकदा तर ताटं आपटून भांडलेही आहेत. मी आपला फिरत राहिलो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलापाशी बायका ओळीने बसायच्या. माझा हात जिने बसवला ती सगळा वेळ शेजारणीला आपल्या नणंदेच्या कागाळ्या सांगत होती. बोलता बोलताच तिने माझ्या हाताचं वजन जुळवलं, एक फुंकर मारली आणि मला पुढे सरकवलं. माझं कोडकौतुक म्हणाल तर तेवढंच.

मला घरी आणलं ते अण्णांनी. अण्णा म्हणजे नकाशे काढणारे गृहस्थ. आठवडाभर ते कचेरीत बसून लोकांच्या घरांच्या भिंती आखायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरामागच्या अंगणात राबायचे. मला त्यांनी मागच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं. तिथून सगळं अंगण दिसतं. गवत, कुंपणाची झुडपं, वाळत घातलेले कपडे, आणि कोपऱ्यात अवजारांची खोली.

अण्णांची कामाची एक पद्धत होती, आणि ती जगात दुसऱ्या कोणाची असेल असं मला वाटत नाही. ते अंगणातलं काम तबकडीवर मोजायचे. पाचोळा गोळा करायला तबकडीची एक बाजू, झुडपं छाटायला दोन. घड्याळ बघायचेच नाहीत. "बाजू संपेपर्यंत हात थांबवायचा नाही," असं ते सगळ्यांना सांगायचे. ऐकायला छान वाटतं. पण गवत कापायचं त्यांचं यंत्र पेट्रोलवर चालायचं, आणि ते एकदा सुरू झालं की माझा आवाज पार बुडून जायचा. मग अण्णा काय करायचे? खिडकी सताड उघडायचे, माझा आवाज शेवटपर्यंत वाढवायचे आणि यंत्र सुरू करायचे. यंत्र मोठं की मी मोठा, अशी दर सुट्टीला आमची झुंज लागायची. मधे अण्णा मजेत, घामाने निथळत, गाणं गुणगुणत.

तबकडीची बाजू संपलेली त्यांना अर्थातच कळायची नाही. मग त्यांची बायको खिडकीत येऊन लाल पंचा हलवायची. शेजारीपाजारी तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वहिनींना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे त्या स्वतःच सांगतात. "यांच्या गाण्यापायी मी आयुष्यभर सिग्नल दाखवत उभी आहे," असं म्हणायच्या. पण पंचा कधी चुकला नाही.

मैफलींचंही तसंच. शहरात कुठेही गाण्याचा कार्यक्रम असला की दोघं जायची. अण्णांची जागा ठरलेली, पहिल्या रांगेतली उजव्या टोकाची खुर्ची... नाही, चुकलो, डाव्या टोकाची. तिथे मोठा स्पीकर अगदी कानाशी यायचा. "स्वर अंगावर आला पाहिजे," असं अण्णांचं मत. वहिनी पहिलं गाणं ऐकायच्या आणि पुढची सगळी मैफल मान टाकून झोपायच्या. घरी आल्यावर अण्णा मला पुसता पुसता सगळा कार्यक्रम सांगायचे. कोण कुठे चढलं, कोण कुठे घसरलं. माझे ते दिवस चांगले गेले. पाहुणे यायचे, "काय आवाज आहे हो!" म्हणायचे, आणि अण्णा माझ्याकडे बघून कॉलर ताठ करायचे.

त्यांची सगळ्यात लाडकी तबकडी एका बाईंची होती. बाई उजव्या स्पीकरमधून गातात आणि डाव्या स्पीकरमधून त्यांच्यामागे एक व्हायोलिन येतं, बारीक आणि उंच. अण्णा त्या जागी हातातलं काम थांबवून उभे राहायचे.

अण्णा निवृत्त झाले. आणि मग एका सकाळी त्याच तबकडीच्या मधे ते म्हणाले, "अगं, डाव्या बाजूचा आवाज दबलाय."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मला तर तसाच येतोय."

"तुला काय कळतंय!"

मित्रांनो, माझा आवाज दबलेला नव्हता. पण मला कोण विचारतो? अण्णांनी माझी सुई बदलली. वायरी बदलल्या. डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवला. तरी दबलेली बाजू डावीच. मग मिस्त्री आला. त्याने मला उघडलं, आत बघितलं, पुन्हा बंद केलं आणि म्हणाला, "साहेब, मशीन ठणठणीत आहे." अण्णा संतापले. हल्लीच्या मिस्त्रींना कामच येत नाही, असं त्याच्या तोंडावर म्हणाले. तो बिचारा चहासुद्धा न घेता गेला.

"नाचता येईना अंगण वाकडं," वहिनी पुटपुटल्या.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. अंगण झाडायला जाते म्हटलं."

त्या काळात त्या अण्णांवर फार चिडलेल्या असायच्या. हाक मारली की हे उत्तर देत नाहीत, अशी लेकीकडे फोनवर तक्रार करायच्या. "एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं, जन्मभर हेच केलं," म्हणायच्या. खरं तर त्या डावीकडून हाक मारत असत. मला खिडकीपाशी बसून ते दिसायचं. त्यांना दिसत नव्हतं.

शेवटी चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. अण्णांनी नवा रेकॉर्ड प्लेअर आणला आणि मला जमिनीवर, कोपऱ्यात, भंगारवाल्याची वाट बघत ठेवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. जमिनीवरून अंगण दिसत नाही, एवढंच लक्षात आलं.

नव्या यंत्रावर अण्णांनी बाईंची तबकडी लावली. लेक मुद्दाम आली होती. सगळी ऐकायला बसली. अण्णांनी डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं आणि डोळे उघडले.

"याचीही डावी बाजू दबलेली आहे," ते म्हणाले.

मग लेक उठली. "बाबा, जरा खुर्ची फिरवून बसा. भिंतीकडे तोंड करून."

"का?"

"बसा तर."

अण्णा कुरकुरत उठले, खुर्ची फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसले. तबकडी चालूच होती. आता व्हायोलिनचा स्पीकर त्यांच्या उजव्या हाताला आला. व्हायोलिन आलं, आणि बाई गेल्या. बाई गात होत्या, खोलीभर गात होत्या, पण अण्णांच्या डाव्या हाताला. मी कोपऱ्यातून त्यांचा चेहरा बघत होतो, कारण ज्या भिंतीकडे त्यांनी तोंड केलं, तिच्याच कोपऱ्यात मी होतो. त्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. ते तसेच बसून राहिले. बाजू संपली तरी उठले नाहीत.

भंगारवाला आला तेव्हा वहिनींनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. नवं यंत्र लेक घेऊन गेली, मी पुन्हा खिडकीपाशी आलो.

डॉक्टरांकडे काय झालं ते मला त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं. डावा कान गेला होता. गवत कापायच्या यंत्राची दोरी ओढताना इंजिनाशी जायचा तोच कान. मैफलीत स्पीकरपाशी असायचा तोच. उजवाही हळूहळू चालला होता. आधी बारीक, उंच आवाज जातात म्हणे, मग बाकीचे. गेलेलं परत येत नाही. आहे ते जपायचं तर गोंगाट टाळायचा आणि आवाज अगदी हळू ठेवायचा.

"तुम्हाला वाईट वाटतंय का हो?" वहिनींनी विचारलं.

अण्णांनी विचार केला. "काय माहीत. काहीच वाटत नाही."

आणि तसंच होतं. ते रडले नाहीत, ओरडले नाहीत. माझ्यावर झाकण घातलं. गवताचं यंत्र अवजारांच्या खोलीत ढकललं. गवत वाढलं. अण्णा सकाळी अंगणात खुर्ची टाकून त्या गवताकडे बघत बसायचे. जेवायला बोलावलं की जेवायचे. कोणी विचारलं तर "बरं आहे" म्हणायचे. मी झाकणाखाली होतो. झाकणाखाली बाहेरचे आवाज लांबून आल्यासारखे येतात. त्यांचंही तसंच होत असेल.

मग त्याच बाईंची मैफल शहरात आली. तिकिटं डॉक्टरांकडे जायच्या आधीच काढलेली होती. अण्णा म्हणाले, "तुम्ही मायलेकी जा."

"अहो, मी तिथे काय करू? मी तर झोपते."

"या वेळी झोपू नकोस. मला येऊन सांग."

वहिनी गेल्या, आणि खरंच झोपल्या नाहीत. परत आल्यावर पर्स हातात घेऊनच अण्णांसमोर बसल्या.

"छान झालं."

"छान म्हणजे?"

"म्हणजे... लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या."

"कुठल्या गाण्याला?"

वहिनींनी पर्स उघडली, बंद केली. "त्या लांबलचक गाण्याला," त्या म्हणाल्या. अण्णांनी मान हलवली आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णा अंगणात बसलेले असताना वहिनींनी माझं झाकण काढलं. घाबरत घाबरत बाईंची तबकडी ठेवली, हात उचलून टेकवला. पहिल्यांदा सुई घसरली आणि मी किंचाळलो. त्या "अगं बाई!" म्हणून मागे सरकल्या. मग पुन्हा ठेवली. रोज दुपारी त्या अशा बसायला लागल्या, गुडघ्यावर हात ठेवून, कपाळाला आठ्या घालून, शाळेतलं गणित सोडवायला बसल्यासारख्या. झोप यायची. गालावर चापट मारून पुन्हा ऐकायच्या. जन्मभर जो आवाज त्यांच्या कानांवरून नुसता वाहून गेला, त्यात आता त्या काहीतरी शोधत होत्या.

आणि मग एका सकाळी त्या अण्णांना हाताला धरून आत घेऊन आल्या. खुर्चीत बसवलं. माझा आवाज डॉक्टरांनी सांगितला तेवढाच ठेवला, आणि अण्णांच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसल्या.

बाई गाऊ लागल्या. अण्णा ऐकत होते. बाईंचा आवाज त्यांना थोडाथोडा येत असावा, कारण बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती. मग त्यांनी विचारलं, "व्हायोलिन आलं का?"

वहिनी लगेच म्हणाल्या, "आलं."

आलं नव्हतं. माझी सुई अजून अलीकडेच होती. वहिनींना मागे वाजणारं दुसरंच काहीतरी व्हायोलिन वाटलं असावं. अण्णांना ती तबकडी तोंडपाठ आहे. बाईंची कुठली ओळ संपली की व्हायोलिन येतं, हे ते झोपेतही सांगतील. ती ओळ सुरूसुद्धा झालेली नव्हती.

"हं," अण्णा म्हणाले. "छान वाजवलंय."

थोड्या वेळाने ती ओळ आली, संपली आणि व्हायोलिन आलं. वहिनी ताठ झाल्या. इतके दिवस बसून त्यांना आत्ता पहिल्यांदा ते ऐकू आलं होतं. त्यांचे डोळे भरले. त्या अण्णांच्या उजव्या कानाशी वाकल्या.

"मघाशी मी चुकले हो. आत्ता आलं."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले.

"ऐकू आलं?"

"नाही."

वहिनींनी त्यांचा हात धरला. व्हायोलिन संपेपर्यंत सोडला नाही. मी फिरत राहिलो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांची धूळ पुसा, असं मी आता म्हणायला हवं. पण सुई बाजारात मिळते, माझी कशाला काळजी करता? आपले कान सांभाळा. ते दुकानात मिळत नाहीत. आणि तुमच्या घरात कोणी "काय म्हणालास?" असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्यांच्यावर खेकसू नका. उठा, त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा. आणि त्यांनी "आलं का?" असं विचारलं, तर घाईने हो म्हणू नका. आधी तुम्ही नीट ऐका.