अडुसष्ट किलोंचा हट्ट

मित्रांनो, मी जुना आहे हे कबूल. काचेला तडा गेलाय, कडेला गंज चढलाय, पाठीवरचं रबर पावलांनी झिजून गुळगुळीत झालंय. पण मी खोटा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या घरात नुकतंच माझ्याबद्दल वाट्टेल ते बोललं गेलंय. मी वजनकाटा आहे. जमिनीवर ठेवायचा, वर उभं राहायचं आणि खाली वाकून आकडा बघायचा, तसला.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पोटात स्प्रिंग बसवली, वर गोल काच, काचेखाली तांबडा काटा. मग एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्यावर लोखंडी वजनं एकेक करून ठेवली आणि प्रत्येक वेळी काटा नेमका कुठे थांबतो ते नाक लावून पाहिलं. "हा कुणाची भीडभाड ठेवणार नाही," तो शेजारच्याला म्हणाला. त्या एका वाक्याच्या जोरावर मी आजवरचं आयुष्य काढलं.

मला विकत घेतलं ते एका चष्मेवाल्याने. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. घरी आणताच तो माझ्यावर उभा राहिला आणि मी सांगितलं, अडुसष्ट. गडी असा खूश झाला की आठवडाभर भेटेल त्याला तो आकडा ऐकवत होता. सुरुवातीला माझा काय मान होता! दुकानाच्या फ्रेमचे खोके माझ्यावर, त्याच्या बायकोच्या शिवणकामाचे कापडाचे गठ्ठे माझ्यावर, शेजाऱ्यांच्या प्रवासाच्या पिशव्याही माझ्यावर. मग हळूहळू मी शिलाई मशीनखाली सरकलो. अंगावर दोऱ्याची तुसं, खडूची भुकटी. महिनोन् महिने कुणी ढुंकून बघत नसे. आणि चष्मेवाला? तो त्या दिवसानंतर पुन्हा कधी एकटा माझ्यावर उभा राहिला नाही. पण कुणी वजन विचारलं की जन्मतारीख सांगावी तसं सांगायचा, "अडुसष्ट."

या चष्मेवाल्याला पक्षी बघायचा नाद. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचा डोळा दुर्बिणीला लावून चिखलात उभं राहायचं. दुर्बीण लांबलचक, तिला तीन पायांचा जड स्टँड. गल्लीत त्याला बगळेभाऊ म्हणतात.

यंदा त्याने परदेशी सहलीचा घाट घातला. त्याचे सासू-सासरे तिकडे मेहुण्याकडे राहतात. सासरे सुतार. गुडघे थकले तशी मुलाने त्यांची कार्यशाळा बंद केली आणि दोघांना आपल्याकडे नेलं. तेव्हापासून चार वर्षं बायकोने आईवडिलांना पाहिलेलं नव्हतं. म्हणजे सहल कुणासाठी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मेहुण्याच्या गावापासून दोन तासांवर एक तळं निघालं, आणि त्या तळ्यावर वर्षातून एकदा क्रौंच पक्षी उतरतात, हे बगळेभाऊंनी शोधून काढलं. झालं! सहलीच्या तारखा पक्ष्यांना विचारून ठरल्या.

मशीनसमोरच्या भिंतीवर त्याने कागद चिकटवला. दहा दिवसांचे दहा चौकोन. त्यातल्या आठांत 'तळे', दोनांत 'सासुरवाडी'.

"अहो, हे काय?" बायको म्हणाली. "चार वर्षांनी जातेय मी माहेरी. दोन दिवस?"

"अगं, तू राहा की दहाही दिवस. मी कुठे नाही म्हणतो?"

"आणि आईबाबांना काय सांगू? जावई तळ्यात आहेत?"

"पक्षी काय आपल्यासाठी थांबणार आहेत का?"

"आणि माझे बाबा थांबणार आहेत?"

त्यावर बगळेभाऊंनी कागदाचं एक टोक नीट चिकटवलं. रोज संध्याकाळी हेच चालायचं. मी मशीनखाली पडल्या पडल्या कंटाळून गेलो होतो. मला कान नसते तर बरं झालं असतं.

सासऱ्यांचा एकच निरोप होता. फोनवर ते मुलीला म्हणाले, "बाकी काही आणू नका गं. माझा रंधा तेवढा आण." रंधा म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. घर हलवताना मुलाने तो मागेच ठेवायला लावला होता, तिकडे सगळी कामं मशीनवर होतात म्हणून. बायकोने तो कपाटातून काढला, तेल लावून जुन्या साडीत गुंडाळला आणि बॅगेत सगळ्यात खाली ठेवला. चांगला तीन किलोंचा ऐवज.

निघायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मला बाहेर ओढण्यात आलं. पुसलंही नाही. स्वस्तातल्या तिकिटांवर दोघांत मिळून एकच मोठी बॅग न्यायची मुभा होती, तेवीस किलोंची. आता ती धिप्पाड बॅग सरळ माझ्यावर ठेवली तर माझी काचच झाकली जाते. म्हणून या घरची रीत अशी, की माणसाने बॅग उचलून माझ्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. रीत चांगली आहे. फक्त स्वतःचं वजन माहीत हवं!

बगळेभाऊ बॅग कवटाळून उभे राहिले. मी सांगितलं, अठ्ठ्याण्णव.

"अठ्ठ्याण्णव वजा अडुसष्ट, तीस!" तो ओरडला. "सात किलो जास्त!"

मित्रांनो, माझ्या स्प्रिंगला त्या क्षणी काय झालं असेल! अरे बाबा, अडुसष्ट हे मीच सांगितलं होतं, पण अकरा वर्षांपूर्वी! तू आता शहात्तर किलोंचा आहेस. बॅग बावीसची आहे. सगळं बसतंय, स्टँडही, रंधाही. बॅग खाली ठेव आणि एकदा, फक्त एकदा, रिकाम्या हाताने उभा राहा. पण वजनकाट्याला तोंड कुठलं?

"हा रंधा काढ," तो म्हणाला. "तिकडे नवा घेऊन देऊ."

"रंधा जाणार नसेल तर मीही येणार नाही."

तिने हे अगदी शांतपणे सांगितलं. मग त्याने गमबूट काढले, पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. शेवटी स्टँड काढला. तो हातात घेऊन खेळणं हरवलेल्या पोरासारखं तोंड करून उभा राहिला.

आणि त्याच वेळी मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या गळ्यात मापाची पट्टी होती. तिनेच दोन वर्षांत दोनदा त्याच्या पँटींची कंबर उसवून वाढवली होती. तिला माहीत होतं! अडुसष्ट किलोंच्या माणसाची कंबर केवढी असते, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिने काही बोलायला तोंड उघडलं. भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. आणि तोंड मिटून बॅगेची चेन लावली.

मी संतापलो होतो, खरंच सांगतो. एक डोळे असून बघत नाही, दुसरी बघून बोलत नाही, आणि दोघांच्या मध्ये खोटा ठरणार मी.

बारा दिवसांनी दार उघडलं. चपलाही न काढता बगळेभाऊ माझ्यापाशी आले. "पंधरा किलो!" ते मलाच म्हणाले. "विमानतळावर बॅग पंधरा किलो भरली! आठ किलो जागा मोकळी गेली आणि माझा स्टँड इथे घरात! हा काटा बिघडलाय. भंगारात दे." त्यांनी मला उचलून दाराबाहेर कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. अकरा वर्षांच्या नोकरीचं हे बक्षीस.

थोड्या वेळाने बायको बाहेर आली. तिने मला उचललं, पदराने माझी काच पुसली आणि आत आणून त्याच्या पायाशी ठेवलं.

"उभे राहा. एकटे."

"माझं वजन मला माहीत आहे."

"उभे राहा म्हणते ना!"

तो उभा राहिला. आठवडाभर सासूबाईंनी आग्रह केलेला होताच. मी सांगितलं, सत्त्याहत्तर.

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मनातल्या मनात वजाबाकी करताना त्याचे ओठ हलत होते.

"म्हणजे स्टँड बसत होता?"

"बसत होता."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो." ती म्हणाली. "आठ दिवस तळ्यावर जाणार होतात तुम्ही. मला चार वर्षांत एकदा बाबा भेटणार होते. मला वाटलं, स्टँड नसेल तर घरी बसाल. चुकलं माझं."

मला वाटलं, आता भांड्याला भांडं लागणार. पण तो माझ्यावरून उतरलाच नाही. सगळा भार माझ्यावर टाकून तसाच उभा राहिला.

"बाबांचे हात थरथरतात," तो म्हणाला. "तू फोनवर कधी बोलली नाहीस."

"मला तरी कुठे माहीत होतं? लपवत होते ते. मुद्दाम मागवलेला रंधा, पण हातात धरवेना. मग त्यांच्या हातावर मी हात ठेवला, आणि दादाच्या घरातली अडकणारी सगळी दारं आम्ही दोघांनी तासली. सहा दिवस. दादा वैतागला, पण बाबा कधी नव्हे ते पोटभर जेवले." ती मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. "त्यात एका दिवशी तुम्ही त्यांना तळ्यावर घेऊन गेलात. मला राग आला होता. माझा एक दिवस गेला."

"मी नाही नेलं. तेच म्हणाले, मी येतो. स्टँडशिवाय मी दुर्बीण हातात धरली की सगळं चित्र हलायचं, काही दिसेना. तर म्हणाले, माझ्यासमोर उभे राहू नका जावईबापू, मागे या. एका खोक्यावर बसले आणि म्हणाले, ठेवा दुर्बीण माझ्या खांद्यावर." त्याने डोळे पुसले. "दोन तास, गं. हात मांडीवर थरथरत होते. खांदा एकदाही हलला नाही."

 तिने नुसता त्याचा हात धरला, आणि मग दोघंही माझ्या काचेकडे बघत राहिले.

मित्रांनो, आता मी पुन्हा मशीनखाली आहे. माझी एवढीच विनवणी आहे. मला रोज पुसू नका, मिरवू नका. पण बॅग उचलण्याआधी एकदा रिकाम्या हाताने माझ्यावर उभे राहत जा. आणि घरात कुणाला खरा आकडा माहीत असेल, तर त्याने तो वेळेवर बोलून दाखवावा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.